योसेमिटीच्या पाट्या

पुण्यात वाढलेल्या माणसाला पाट्यांचं फारसं भय वाटत नाही. 'फाटकासमोर वाहन लावू नये, हवा सोडली जाईल' ही पाटी वाचत वाचत आपण फाटकासमोरच स्कूटर लावतो आणि काम झाल्यावर परत येऊन चाकात हवा आहे की नाही ते बघतो. त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये, मर्सेड नदीच्या काठावर 'पाण्यापासून दूर राहा' अशी पाटी दिसली तेव्हा मी ती नीट वाचली आणि शांतपणे तिच्या पलीकडे गेलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मे महिन्यातला शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे. अमेरिकेतला सुट्ट्यांचा मोसम तिथे सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला संपतो. मधे चार जुलै. हे तीन लाँग वीकेंड म्हणजे आमच्यासारख्या ऑनसाइट आलेल्या मंडळींचे दसरा-दिवाळी. भाड्याची गाडी काढायची, चौघांनी खर्च वाटून घ्यायचा, आणि जो पार्क बाकीची अमेरिका बघायला निघाली आहे नेमका तोच बघायला निघायचं!

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. अर्थातच आठला निघालो. दुपारी पार्कच्या फाटकावर पोचलो तर गाड्यांची रांग. आत शिरायला दीड तास, पार्किंग शोधायला आणखी एक तास. त्या वर्षी सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर विक्रमी बर्फ पडला होता. फेब्रुवारीच्या शेवटी तर बर्फामुळे पार्क काही आठवडे चक्क बंद होता. मे महिन्यात ते सगळं वितळत होतं. धबधबे काय सांगू, अंगावर येत होते. नदी काठोकाठ, हिरवट, काचेसारखी स्वच्छ. काठावर माणसंच माणसं. पोरं, आजी-आजोबा, कुत्री, शीतपेट्या. जत्राच म्हणा ना.

काठापासून दोन पावलांवर एक मोठा गोटा होता. त्यावर उभं राहून फोटो काढायचा होता. पाय घसरला. पाणी जेमतेम गुडघ्याच्या वर होतं, पण पाय उचलताच येईना. कोणीतरी खालून पाय ओढतंय असं वाटलं. थंडी इतकी की ओरडायला श्वासच निघेना. रूममेटने पाठीवरच्या सॅकचा पट्टा धरला आणि दुसऱ्याने त्याला धरलं. एवढंच. सगळा प्रकार दहा सेकंदांचा. फोन मात्र गेला.

एक वयस्कर रेंजर बाई आल्या. मी ठीक आहे ना ते पाहिलं, अंगावर कोरडं काहीतरी घाल म्हणाल्या, आणि पाटीकडे हात करून विचारलं, "ती दिसली नव्हती का?" मी म्हटलं, दिसली होती. यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. वीस पावलांवर दुसरं एक कुटुंब पाण्यात उतरत होतं, तिकडे गेल्या.

परत आल्यावर मला एक खूळ लागलं. या पाट्या कोणी लावल्या, आणि कधी? नोकरीत जुना कोड वाचताना मधेच एखादी ओळ भेटते, 'ही ओळ काढू नका'. का काढू नका ते लिहिलेलं नसतं. आपण शहाणपणा करून ती काढतो आणि रात्री दोन वाजता फोन येतो. मग जुन्या नोंदी उपसल्या की कळतं, कोणाचातरी असाच रात्री दोन वाजता फोन वाजला होता, म्हणून ती ओळ आली. तेव्हा म्हटलं, पार्काच्याही जुन्या नोंदी उपसू. पुढचे कित्येक वीकेंड त्यात गेले. त्याचा हा सारांश.

एका वाक्यातली दोन कामं

योसेमिटीची दरी राखून ठेवायचा कायदा लिंकनने ३० जून १८६४ ला सही करून मंजूर केला. तिकडे यादवी युद्ध चालू होतं, तरीही! ती जागा तेव्हा कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवली गेली. जगातला पहिला नॅशनल पार्क म्हणून मान मिळाला यलोस्टोनला, १ मार्च १८७२ रोजी. योसेमिटी नॅशनल पार्क झाला १८९० मध्ये. (या दरीत आधी राहणाऱ्या अहवानीची लोकांना १८५१ साली शस्त्रांच्या जोरावर बाहेर काढलं गेलं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. 'निर्मनुष्य निसर्ग' मुळात तसा नव्हता.)

मग २५ ऑगस्ट १९१६ ला या सगळ्या पार्कांची देखभाल करायला नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाली. तिच्या कायद्यात एकाच वाक्यात दोन कामं सांगितली आहेत: निसर्ग आणि प्राणी जपा, आणि लोकांना त्यांचा आनंद घेऊ द्या, पण असा की पुढच्या पिढ्यांसाठी ते जसंच्या तसं राहील. वाचायला छान आहे. पण ज्यांनी क्लायंटची रिक्वायरमेंट वाचली आहे त्यांना त्या 'आणि' मधली गोम लगेच कळेल!

पहिला संचालक स्टीफन मेदर. हा गडी मुळात बोरॅक्सच्या धंद्यात पैसा कमावलेला, जाहिरातीत मुरलेला. त्याचं गणित सरळ होतं. लोक आले नाहीत तर काँग्रेस पैसे देणार नाही, आणि पैसे नाहीत तर पार्क टिकणार नाहीत. मोटारी योसेमिटीत १९१३ साली आणि यलोस्टोनमध्ये १९१५ साली अधिकृतपणे आल्याच होत्या. आता गर्दी हवी होती. आणि गर्दी हवी तर करमणूक हवी.

अस्वलांचा खेळ

योसेमिटीत १९२३ पासून १९४० पर्यंत रात्री अस्वलांना खाऊ घालायचा जाहीर कार्यक्रम होत असे. हॉटेलांचं उष्टं-खरकटं एका जागी टाकायचं, त्यावर दिवे सोडायचे, आणि पलीकडे बसून लोकांनी बघायचं. हे कोणी टपोरी लोक करत नव्हते, खुद्द पार्कच करत होता. यलोस्टोनमध्ये तर कचऱ्याच्या ढिगाऱ्याशेजारी प्रेक्षकांसाठी बाकं मांडली होती आणि ग्रिझली अस्वलं रोज संध्याकाळी तिथे जेवायला येत. ते कार्यक्रम दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबले. पण कचऱ्याचे ढीग उघडेच राहिले, आणि रस्त्याकडेला गाडीच्या काचेतून अस्वलाला बिस्किट देणं तर पुढे कित्येक वर्षं चालू होतं.

परिणाम? १९३१ ते १९६९ या काळात एकट्या यलोस्टोनमध्ये वर्षाला सरासरी ४८ माणसं अस्वलांमुळे जखमी होत होती. हा आकडा वाचून मी दोनदा तपासला. अठ्ठेचाळीस, दरवर्षी, जवळजवळ चाळीस वर्षं! आणि तरी तो धोका कोणाला धोका वाटत नव्हता, कारण सगळेच तसं करत होते.

मग १३ ऑगस्ट १९६७ ची रात्र आली. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये, एकाच रात्री, काही मैलांच्या अंतरावर दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींना मारलं. दोघी १९ वर्षांच्या. हा पार्क १९१० साली स्थापन झाला होता, आणि तोवर तिथे अस्वलाने एकही माणूस मारला नव्हता. चौकशीत निघालं ते ठरलेलंच. दोन्ही अस्वलांना माणसाच्या खाण्याची चटक लागली होती. त्यातल्या एका ठिकाणी तर वरच्या विश्रामगृहात पाहुण्यांना रोज संध्याकाळी अस्वलं दिसावीत म्हणून उरलंसुरलं बाहेर टाकत असत.

यानंतर नियम खरोखर कडक झाले. यलोस्टोनने १९७० मध्ये नवं धोरण आणलं आणि उघडे ढीग बंद केले. तिथल्या ग्रिझलींचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारे फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे भाऊ सांगत होते की एकदम बंद करू नका, हळूहळू करा, नाहीतर उपाशी अस्वलं तळांवर येतील. ऐकलं गेलं नाही. अस्वलं तळांवर आली आणि बरीच मारली गेली. १९७५ मध्ये ग्रिझलीला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकावं लागलं. चूक आपली, शिक्षा त्यांना. पण माणसांपुरतं बोलायचं तर उपाय लागू पडला. एके काळी वर्षाला पन्नासाच्या आसपास असलेला जखमींचा आकडा यलोस्टोनमध्ये वर्षाला साधारण एकावर आला.

योसेमिटीत ग्रिझली नाहीत, काळी अस्वलं आहेत. ती माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत, पण गाडीच्या जातात. १९९८ या एका वर्षात तिथे अस्वलांच्या उपद्रवाच्या १५०० च्या वर घटना झाल्या आणि साडेसहा लाख डॉलरचं नुकसान झालं. दार वरच्या कडेने धरायचं आणि डब्याचं झाकण सोलावं तसं सोलायचं! त्यानंतर सरकारने खास पैसे दिले, ठिकठिकाणी जाड लोखंडी पेट्या बसल्या, आणि खाणं त्यांतच ठेवायची सक्ती झाली. या घटना आता कितीतरी कमी झाल्या आहेत. आमच्या गाडीत आईने पाठवलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा होता. 'बंद डब्यात आहेत, वास कुठे येतोय' असं मी म्हणत होतो. अस्वलाचं नाक आपल्यापेक्षा किती पटींनी तेज असतं हे मला नंतर कळलं.

आगीचा धबधबा

योसेमिटीची दुसरी करमणूक याहून भारी होती. ग्लेशियर पॉइंट नावाचा कडा दरीच्या तळापासून सुमारे ३,२०० फूट उंच आहे. उन्हाळ्यात रोज रात्री त्या कड्यावर मोठी शेकोटी पेटवायची, नऊच्या सुमारास खालच्या तळावरून हाक द्यायची, वरून उत्तर यायचं, आणि मग निखारे हळूहळू कड्यावरून खाली लोटायचे. खालून बघताना आगीचा धबधबा कोसळतोय असं दिसायचं. १८७२ मध्ये कड्यावरच्या एका हॉटेलवाल्याने हे सुरू केलं. मधे काही वर्षं खंड पडला, पण एकूण सुमारे शहाण्णव वर्षांच्या काळात पिढ्यांनी ते पाहिलं.

२५ जानेवारी १९६८ ला संचालक जॉर्ज हार्टझॉग यांच्या हुकुमावरून तो शेवटचा झाला. कारण आगीपेक्षा गर्दी. रात्री नऊला सगळी दरी मोटारींनी भरायची, लोक कुरणं तुडवायचे, आणि संपल्यावर सगळे एकाच वेळी घरी निघायचे. आपल्याकडे गणपतीच्या देखाव्यांनंतर लक्ष्मी रोडवर जे होतं ते, फक्त अंधारात आणि मोटारींसकट. लोक नाराज झाले. आजही जुन्या आठवणी सांगणारे हळहळतात. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हळहळलो असतो.

चार जुलै १९७०

गर्दीचं दुखणं तसं जुनंच. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत घरोघरी मोटार आली, पण पार्कांचं बजेट युद्धाच्या वेळचंच राहिलं. १९५३ मध्ये बर्नार्ड डीव्होटो या लेखकाने 'हार्पर्स' मासिकात सरळ लिहिलं की पैसे देत नसाल तर मोठे पार्क बंद करा आणि लष्कराचा पहारा बसवा! पुढच्याच वर्षी योसेमिटीने वर्षाला १० लाख पर्यटकांचा टप्पा ओलांडला. मग 'मिशन ६६' नावाची दहा वर्षांची योजना आली. १९५६ ते १९६६, खर्च सुमारे एक अब्ज डॉलर. रस्ते, पार्किंग, माहिती केंद्रं, संडास. रस्ते रुंद केले की गर्दी कमी होते असं वाटणारे लोक सगळ्या देशांत असतात. गर्दी अर्थातच वाढली.

आणि मग १९७० चा चार जुलैचा लाँग वीकेंड. योसेमिटीच्या स्टोनमन मेडो या कुरणात शेकडो तरुण जमले होते. व्हिएतनामचा काळ, लांब केस, गिटार, दारू, गांजा. रेंजरांनी संध्याकाळी कुरण मोकळं करायला सांगितलं. पोरं हलली नाहीत. घोड्यावरचे रेंजर गर्दीत घुसले. दगड आणि बाटल्या सुरू झाल्या आणि रेंजरांना मागे हटावं लागलं. बाहेरून पोलिसांची कुमक आली. शंभराहून जास्त लोकांना अटक झाली.

या दंगलीचा धडा असा की झाडं आणि पक्षी ओळखायला शिकलेल्या माणसाला जमाव हाताळता येत नाही. त्यानंतर रेंजरांच्या पोलिसी प्रशिक्षणाकडे गंभीरपणे बघितलं गेलं. त्याच उन्हाळ्यात दरीचा पूर्वेकडचा भाग खाजगी गाड्यांना बंद झाला आणि फुकट बस सुरू झाली. आज आपण गाडी एका जागी लावून त्या बसने फिरतो. 'काय कटकट आहे' म्हणतो. मीही म्हटलं होतं.

हाफ डोमचंही तेच. शेवटचे ४०० फूट चढायला सिएरा क्लबने १९१९ मध्ये लोखंडी दोर बसवले. नव्वद वर्षांनी गर्दीच्या दिवशी तिथे हजार-बाराशे माणसं एकाच दोराला लटकू लागली. जून २००९ मध्ये पावसाने निसरड्या झालेल्या खडकावरून पडून एकाचा मृत्यू झाला. २०१० पासून सुट्टीच्या दिवसांना आणि २०११ पासून रोज परवाना लागतो. आता दिवसाला सुमारे ३०० लोकांनाच मिळतो. वाटेत विजेबद्दल इशारा देणारी पाटी आहे. १९८५ च्या जुलैमध्ये माथ्यावर वीज पडून दोघे गेले होते.

खरा धोका

एवढं वाचल्यावर मला वाटलं होतं की पार्कात माणसं मरतात ती मुख्यतः अस्वलांमुळे. तसं अजिबात नाही. पार्क सर्व्हिसची आकडेवारी वर्षानुवर्षं तीच तीन नावं पुढे करते: मोटार अपघात, बुडणं आणि पडणं. म्हणजे ज्यांची आपल्याला भीती वाटत नाही तीच. जुलै २०११ मध्ये व्हर्नल फॉलच्या माथ्यावर कठडा ओलांडून पाण्यात गेलेली तीन माणसं धबधब्यावरून वाहून गेली. आजूबाजूला लोक होते, कठडा होता, पाटीही होती.

गर्दीत आपल्याला वाटतं, एवढे लोक उतरलेत म्हणजे ठीकच असणार. पलीकडच्या माणसालाही आपल्याकडे बघून तेच वाटत असतं. नदीला यातलं काही माहीत नसतं. हे फक्त अमेरिकेचं नाही हेही सांगायला हवं. ३० जून २०२४ ला, रविवारी, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर संध्याकाळी सहानंतरची बंदी आली. तिथेही आता नवी पाटी असेल, आणि आणखी दहा वर्षांनी ती का लावली ते कोणालाच आठवणार नाही.

तर जाणार असाल तर माझे चार शब्द. निघण्यापूर्वी त्या वर्षीचे प्रवेशाचे नियम पार्कच्या संकेतस्थळावर बघा. योसेमिटीत २०२० पासून काही वर्षं आगाऊ नोंदणी लागली, २०२३ ला नव्हती, २०२४ आणि २०२५ ला पुन्हा होती. खरंच सहाला निघा, म्हणजे पाचला निघायचं ठरवा. :) गाडी एकदा लावली की हलवू नका, बसने फिरा. आत फोनला रेंज मिळेल असं धरू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. हळू चालवा, गाड्यांखाली अस्वलंही मरतात. खाणं, टूथपेस्टसुद्धा, लोखंडी पेटीत. यलोस्टोनला गेलात तर अस्वल आणि लांडग्यापासून शंभर यार्ड, गव्यापासून पंचवीस यार्ड लांब राहा. गवा गाईसारखा दिसतो, पण तिथे सगळ्यात जास्त माणसं त्यानेच जखमी केली आहेत. गरम पाण्याच्या कुंडांपाशी लाकडी वाट सोडू नका. त्यांत भाजून आजवर वीसहून जास्त लोक गेलेत. ओल्या ग्रॅनाइटवर बूट कितीही महाग असो, घसरतो. आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला पाण्यात पाय घालायचा नाही, कितीही संथ दिसलं तरी.

पाटीवर फक्त 'करू नका' लिहिलेलं असतं, कोणाचं काय झालं ते नसतं. तेवढी जागाच नसते. म्हणून ते आपणच एकमेकांना सांगायला हवं असं मला आता वाटतं, आणि म्हणून हा एवढा लांबलचक लेख.

शेवटची एक गोष्ट राहिली. फोन गेला तेव्हा मी घरी सांगितलं होतं की मॉलमध्ये चोरीला गेला. तो मॉलमध्ये नाही, मर्सेड नदीत आहे. आई-बाबा माझा ब्लॉग दर रविवारी वाचतात, म्हणून दोन वर्षांहून जास्त काळ हा लेख लिहायचं टाळत होतो. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं इकडे येणार आणि योसेमिटी बघायची म्हणताय, तेव्हा आता लपवून उपयोग नाही.

बाबा, वाचून झालं की लगेच फोन करू नका. आईला आधी चहा करून द्या. मी रात्री करतो.